वहीत नसलेलं नाव

जानेवारीतली सकाळ, दहा वाजत आलेत. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यालगत ऊसतोड कामगारांचा तळ आहे. ताडपत्रीच्या कोप्या दाटीनं उभ्या, आणि त्यांत मोठं माणूस जवळपास दिसत नाही. बीडकडची ही जोडपी पहाटेच फडात गेली आहेत. तळ सध्या पोरींच्या ताब्यात आहे.

बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तव्यावर भाकरी टाकते आहे. धाकटा भाऊ चुलीकडे रांगत गेला, की ती न बघताच कोपरानं त्याला मागे सारते. अजून पाणी भरायचंय, मग भाकरी फडात पोचवायच्यात.

"गावाकडं सातवीत नाव हाय माझं," ती सांगते. "गणित चांगलं येतं. पर ह्याला कोण बघंल?"

जिल्हा परिषदेची शाळा रस्त्यापलीकडे आहे. प्रार्थनेचा आवाज इथवर येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलांना वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावाच लागतो, दाखला हाताशी नसला तरी. तरीही ही मुलगी चुलीपाशी आहे, कारण ऊसतोडीचा सगळा व्यवहार नवरा-बायकोच्या जोडीवर बेतलेला आहे. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, ती टनामागच्या मजुरीतून फिटते. खाडा केला तर तो अंगावर पडतो. बाईला लेकरापाशी थांबता येत नाही, म्हणून लेकरू थोरलीच्या कडेवर येतं. तिच्या राबण्याशिवाय कोयता एक दिवस चालायचा नाही, आणि मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही. मला हा उघड अन्याय वाटतो. गोड साखर खाणाऱ्या आपण सगळ्यांनीच तो पोसला आहे.

आई वाढ्यांचा भारा घेऊन येते, बारक्याला पाजायला टेकते. गावाकडे हंगामी वसतिगृह असतं, मग हिला मागं का नाही ठेवलं, मी विचारते.

"जेवाय मिळतं तिथं, ताई. पर रातीचं काय? पोरगी शाणी झालीया. म्हातारीच्या भरवशावर कशी सोडू?" जरा थांबून ती म्हणते, "एक जागा बी आलीया. त्यांच्या पोराला कोयत्याला जोडी पायजे."

मुलगी मान वर करत नाही. भाकरी मात्र करपते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. आकडा मला पाठ होता. तो ज्या घरात तयार होतो ते घर आज समोर आहे.

शाळेतल्या बाई रजिस्टर घेऊन कोपीकोपीतून फिरताहेत. आमच्यापाशी येतात. "नाव लिहू का हिचं?"

आई बारक्याकडे बघते. "ह्याला घिऊन बसंल ती. चालतंय का?"

"चालतंय. वर्गात बसू दे त्यालाही."

"आन् जेवणाच्या सुट्टीत भाकरी घिऊन फडात यावं लागंल तिला."

बाई क्षणभर विचार करतात, मान हलवतात, लिहायला घेतात. मुलगी पिठाचे हात परकराला पुसत उठते.

"बाई, सातवीचं गणिताचं पुस्तक मिळंल का? माझं गावाकडंच ऱ्हायलंय."