प्रेक्षक चित्राच्या आत असतो तेव्हा

भिंतीवर टांगलेले चित्र आपण समोर उभे राहून पाहतो. अलीकडच्या काही कलाकृतींत मात्र प्रेक्षकाला आत शिरावे लागते. भोवती सगळीकडे चित्र असते आणि तो हलला की दृश्य बदलते. ही कल्पना नवी वाटली तरी तिचे जुने उदाहरण आपल्याजवळच आहे. पाचोडहून सहल निघाली, तर छत्रपती संभाजीनगरच्या पुढे सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठा लागतो.

तेथील १७ क्रमांकाचे लेणे पाचव्या शतकातले. विश्वंतर राजपुत्राची कथा तेथे भिंतीवर रंगवली आहे; पण तिचे प्रसंग पुस्तकाच्या पानांसारखे ओळीने येत नाहीत. राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे, आणि तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. कथेचा धागा आपणच चालत, मागेपुढे होत जुळवायचा असतो.

यात डोळ्यांचेही काम आहे. उन्हातून आत गेल्यावर आधी फारसे काहीच दिसत नाही. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण दृष्टिपटलाला वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी अंधाराला सरावायला सुमारे १० मिनिटे घेतात, तर मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी अर्धा तासही घेतात. घाईने बाहेर पडणाऱ्याला अर्धे चित्र दिसतच नाही.

पण प्रेक्षक आत येताना स्वतःबरोबर काही आणतोही. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर बाष्प असते. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत; ओलावा सतत कमीजास्त झाला की गिलावा सैल होतो. फ्रान्समधील लास्को गुहेत प्रेक्षकांच्या गर्दीमुळे भिंतींवर शेवाळ वाढले आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. १९८३ पासून लोक शेजारी उभारलेली प्रतिकृती पाहू लागले. अजिंठ्यात फ्लॅश वापरायला मनाई आहे आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात, ते चित्रे जपण्यासाठीच.

म्हणून आम्ही सुचवतो, की वर्गाचे लहान गट करावेत. एक गट आत असताना बाहेर थांबलेल्यांनी १० मिनिटे एक डोळा रुमालाने झाकून ठेवावा. आत गेल्यावर रुमाल काढून आळीपाळीने एकेका डोळ्याने चित्र पाहावे आणि कोणत्या डोळ्याला काय दिसले, ते वहीत लिहावे.