मंडळी बोलती करणारे खेळ : शब्बाथ शाळेपासून आजींपर्यंत

भगिनींनो, दिवाळी उरकली की आपल्या गटांतल्या ख्रिस्ती भगिनींची नाताळची धावपळ सुरू होते. कुणाकडे शब्बाथ शाळेची मुलं असतात, कुणाकडे तरुण संघाचं शिबिर, कुणावर महिला मंडळाच्या मेळाव्याची जबाबदारी. गटाच्या बैठकीला गेले की हिशोब झाल्यावर हळूच प्रश्न येतो, "ताई, तुमच्या ट्रेनिंगमध्ये घेता तसले खेळ आम्हाला सांगा ना, चर्चमध्ये घ्यायला." म्हणून या अंकात तेच लिहिते. इतर भगिनींनीही वाचावं, कारण यातले निम्मे खेळ कुठल्याही गटात चालतात.

अशा खेळांना इंग्रजीत आइसब्रेकर म्हणतात, म्हणजे बर्फ फोडणारे. आपल्याकडे बर्फ नसतो, अवघडलेपण असतं. पदर सावरून भिंतीला टेकून बसलेल्या बाया, पहिल्या रांगेत पाळकबाई आणि जुन्या सभासद, मागे दाराजवळ नवीन सुना. हा खेळ हसवण्यासाठी आहे असं आपल्याला वाटतं. हसू आलं तर चांगलंच, पण खरं काम वेगळं आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येकीचा आवाज एकदा तरी सगळ्यांच्या कानावर पडला पाहिजे. सुरुवातीला जी बोलत नाही, ती शेवटपर्यंत बोलत नाही, हे मी गटागटांत बघते. आणि जी मंडळीत बोलत नाही ती गटातही गप्प राहते, कर्जाच्या कागदावर अंगठा देते आणि व्याज किती लागलं ते घरी गेल्यावर दुसऱ्याला विचारते.

खेळ निवडताना मी आधी एकच बघते, यात कुणाची झाकलेली गोष्ट उघडी पडेल का? वाचता न येणं ही अशी गोष्ट आहे. चिठ्ठी उचला आणि मोठ्याने वाचा, वचन शोधा, फळ्यावर लिहा, हे खेळ शिकलेल्या बायांना सोपे वाटतात आणि बाकीच्या "माझा चष्मा घरी राहिला" म्हणून सुटका करून घेतात. चष्मा घरी राहिलेल्या बाया जास्त झाल्या की समजावं, खेळ चुकीचा निवडला आहे. दुसरी गोष्ट घरची. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, मिस्टर काय करतात, हे ओळखीचे प्रश्न म्हणून सर्रास विचारले जातात. विधवा, नवऱ्याने टाकलेली, मूल नसलेली, जिचा नवरा दारू पिऊन घरी पडलेला आहे ती, या सगळ्या त्याच गोलात बसलेल्या असतात.

उखाण्याचंही तसंच. उखाणे सगळ्यांना आवडतात आणि मलाही आवडतात, पण ते सुरू झाले की दोन-तीन जणी चहा बघायला उठतात. त्यावर उपाय सोपा आहे. नवऱ्याचं नाव नाही, शेजारी बसलेल्या बाईचं नाव घ्यायचं. "चहात घातलं आलं, दुधावर आली साय, अमक्या मावशींचं नाव घेते, गटातली माझी माय." यमक जुळलं नाही तरी टाळ्या. यात एक फायदा असा की नाव घेण्याआधी शेजारणीचं नाव विचारावं लागतं. तीन-तीन वर्षं शेजारी बसणाऱ्या बायांना एकमेकींचं नाव माहीत नसतं. "रमेशची आई" एवढंच माहीत असतं.

आजी आणि सुना एकत्र असल्या की मी 'नाव आणि हात' हा खेळ घेते. गोल करून बसायचं. प्रत्येकीने फक्त स्वतःचं नाव सांगायचं, आडनाव नको, कुणाची कोण तेही नको, आणि या आठवड्यात हातांनी केलेलं एक काम न बोलता करून दाखवायचं. खुरपणी, कांद्याची लागण, मशीनवरची शिलाई, नातवाला न्हाऊ घालणं. बाकीच्यांनी ओळखायचं आणि मग सगळ्यांनी मिळून तिचं नाव एकदा मोठ्याने म्हणायचं. आजींना उठावं लागत नाही, वाचावं लागत नाही आणि काम दाखवण्यात त्या सगळ्यांच्या पुढे असतात. एका आजींनी बोटं नाचवून दाखवली, आम्ही सगळ्यांनी पंधरा कामं ओळखून बघितली, तर त्या मोबाईलवर नातीला व्हिडिओ कॉल लावत होत्या. यानंतर शास्त्रपाठ घ्यायचा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांतली टबीथा घ्या. ती विधवांसाठी कपडे शिवायची, आणि ती मेली तेव्हा त्या विधवांनी तिने शिवलेले कपडेच पेत्राला काढून दाखवले. हातांच्या कामावरून माणूस ओळखण्याचा हा खेळ तिथेच आहे.

दुसरा खेळ भांड्यांचा. हा मला सगळ्यांत जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. निरोप देतानाच सांगायचं, येताना घरातलं एक रिकामं भांडं आणा. वाटी, तांब्या, डबा, काहीही. आल्या आल्या सगळी भांडी मधे सतरंजीवर ठेवायची. मग एकीने एक भांडं उचलायचं आणि ते कुणाचं असेल ते ओळखायचं. जिचं असेल तिने त्याबद्दल एकच गोष्ट सांगायची. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत असल्यामुळे यात मजा येते. बहुतेक भांड्यांवर सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, रुखवताच्या भांड्यावर वडिलांचं. क्वचित एखाद्या डब्यावर बाईचं स्वतःचं नाव निघतं, आणि तो तिने गटाच्या पहिल्या लाभातून घेतलेला असतो. भांडं कोणतं आणायचं आणि त्याबद्दल काय सांगायचं हे तिचं तिने ठरवलेलं असतं, त्यामुळे कुणाची जखम उघडी पडत नाही. ज्यांना सांगायचंच असतं त्या मात्र बरंच सांगतात. थांबवू नका, पण घड्याळावर लक्ष ठेवा. वीसपेक्षा जास्त बाया असतील तर दोन गोल करा.

भांडी मधे तशीच ठेवून मग राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायातली विधवेची गोष्ट सांगायची. नवरा कर्ज ठेवून मेला. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे गेली, तर त्याने आधी विचारलं, तुझ्या घरात काय आहे? तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नव्हतं. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडी आणू नकोस, असं त्याने सांगितलं. दार लावून ती आणि मुलं तेल ओतत गेली, भांडी संपली तेव्हा तेल थांबलं. तेल विकून तिने कर्ज फेडलं आणि उरलेल्यावर घर चालवलं. गोष्ट संपल्यावर मी फक्त दोन प्रश्न विचारते. शेजारणींनी भांडी दिली नसती तर? आणि तुमच्या घरात काय आहे? दुसऱ्या प्रश्नाला आधी सगळ्या "काही नाही" म्हणतात. मग कुणी शेळी सांगते, कुणी पापडाचा हात, कुणी शिलाई. बचत गट कशाला हे समजवायला मला वेगळं भाषण कधी द्यावं लागलं नाही.

वेगवेगळ्या चर्चच्या बाया जमतात तेव्हा, उदाहरणार्थ मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाला, 'माहेरचा नकाशा' घ्या. अंगणात मधोमध एक वीट ठेवायची, ते आपलं गाव. श्रीरामपूरला असाल तर पूर्वेला जालना, दक्षिणेला नगर, पश्चिमेला नाशिक आणि आणखी पुढे वसई, असं हात करून दाखवायचं. आता जिचं लहानपण जिथे गेलं तिथे तिने अंदाजाने जाऊन उभं राहायचं आणि जवळ उभ्या असलेल्या बाईशी बोलायचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, तेव्हापासून या भागातल्या मंडळ्यांची सोयरीक गावोगाव पसरलेली आहे. त्यामुळे दोन मिनिटांत कुणाची आत्या कुणाची मामेसासू निघते. सासू आणि सून एकाच तालुक्यातल्या निघाल्या की बघायचं. वाढदिवसाप्रमाणे रांग लावा, हा खेळ पुस्तकात असतो, तो मात्र आपल्याकडे नको. निम्म्या आजींचा जन्म आधार कार्डावर १ जानेवारीला झालेला आहे.

आता मुलं. खेळातून शिकवणं ही काही आजची टूम नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांनी तिथे बालवाडीची म्हणजे किंडरगार्टनची पद्धत मुद्दाम शिकून घेतली होती. शब्बाथ शाळेतल्या चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी नोहाचं तारू उत्तम. प्रत्येक मुलाच्या कानात एका प्राण्याचं नाव सांगायचं, एकच प्राणी दोघांना. मग सगळ्यांनी आपापला आवाज काढत जोडीदार शोधायचा आणि दोघांनी मिळून तारवात, म्हणजे सतरंजीवर, येऊन बसायचं. डोळे बांधू नका, लहान मुलं घाबरतात. मुलं विषम असतील तर शिकवणाऱ्या ताईंनी स्वतः बकरी व्हावं.

जरा मोठ्या मुलांसाठी 'जक्कया, खाली ये'. आपला 'शिवाजी म्हणतो' सारखाच. सगळे चवड्यांवर उभे, म्हणजे झाडावर चढलेले. "जक्कया, खाली ये" म्हटलं तरच बसायचं, नुसतं "खाली ये" म्हटलं तर बसायचं नाही. चुकलेल्याला बाद करू नका. बाद झालेलं मूल कडेला बसून कंटाळतं, आणि बहुतेक वेळा ते नवीन आलेलं किंवा लाजरं मूल असतं. जो चुकला त्याने पुढचा हुकूम द्यायचा.

नऊ ते तेरा वयाला भेंड्या आवडतात, तर पवित्र शास्त्रातल्या नावांच्या भेंड्या लावा. मरीया, य वरून योना, न वरून नामी, म वरून मार्था. इथे थ आला म्हणून मुलं अडतात, तर थोमा आहेच. पुढे मोशे, शमुवेल, लुदिया. पुस्तकांची नावं पाठ म्हणायची स्पर्धा घ्यायची असेल आणि मुलांत कॅथलिक घरांतली मुलंही असतील, तर लक्षात ठेवा, त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि आपल्यात ६६. "तुझं चुकलं" असं त्या मुलाला सगळ्यांसमोर ऐकावं लागू नये.

तरुण संघात 'दोन खरं, एक खोटं' हा खेळ सगळीकडे चालतो. चर्चमध्ये घेतला तर कुणीतरी वडीलधारं म्हणणारच, देवाच्या घरात खोटं बोलायला शिकवता का. त्यांचं म्हणणं मला पटतंही. खोटं काढून टाका आणि 'दोन झालेल्या, एक व्हायची' घ्या. घडलेल्या दोन गोष्टी आणि मनात असलेली एक, तिन्ही घडल्यासारख्याच सांगायच्या. बाकीच्यांनी मनातली ओळखायची. मुली नर्सिंगचं सांगतात, मुलं बुलेटचं. मुला-मुलींच्या जोड्या लावू नका, आणि फोटो काढले तर विचारल्याशिवाय स्टेटसला ठेवू नका. एका फोटोवरून मुलीचं पुढच्या शिबिराला येणं बंद होतं.

सगळ्या वयांना एकत्र बसवायचं असेल तर नाण्याचा खेळ. गोलात बसून सगळ्यांनी मुठी पुढे करायच्या, गाणं म्हणत म्हणत एक नाणं या हातातून त्या हातात गुपचूप सरकवायचं आणि मधे उभी असलेलीने ते कुणाकडे आहे ते ओळखायचं. लूकच्या १५ व्या अध्यायात एका बाईची दहा नाण्यांतलं एक हरवतं, ती दिवा लावून घर झाडून ते शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना आनंद करायला बोलावते. म्हणून नाणं सापडलं की सगळ्यांनी उठून टाळ्या.

हाच खेळ आपल्या मिश्र गटात घ्यायला हरकत नाही. तिथे शास्त्रपाठ नको, गट सगळ्या धर्मांच्या बायांचा आहे. कुणाला नाण्याची स्वतःच्या घरची गोष्ट सांगायची असेल तर सांगू दे. एक मात्र डोळे उघडे ठेवून बघा. कुणी शेजारणीच्या हातात नाणं वरून टाकतं का? आपल्या गावांत हे अजून आहे, आणि जिच्या हातात ते पडतं तिला ते बरोबर कळतं. तिथेच खेळ थांबवून सुनावत बसलात तर त्या बाईचीच जास्त शोभा होते. म्हणून नियमच असा ठेवा की नाणं मुठीतून थेट मुठीत, हाताला हात लागल्याशिवाय द्यायचं नाही, आणि हा नियम पहिल्या फेरीआधीच सांगा. दोन-तीन बैठका हे झालं की चहाचे कपही आपोआप एकाच ताटात ठेवले जाताना मी पाहिले आहेत. सगळीकडे झालं असं मात्र म्हणणार नाही.

कुठलाही खेळ दहा ते पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. जिला नको असेल तिने "पुढे" म्हणायचं, कारण विचारायचं नाही, आणि शेवटी तिला अजून एकदा संधी द्यायची. हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा.

तुमच्या मंडळीत, गटात चालणारे खेळ असतील तर पुढच्या अंकासाठी कळवा. लिहायला वेळ नसेल किंवा लिहिता येत नसेल तर सीआरपी ताईंच्या मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा, मी ऐकून उतरवून घेईन.