नाडी पुरेना झाली तेव्हा

मावशीला जाऊन यंदा वीस वर्षं होतील. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या काकू सहज म्हणाल्या, "पोट फुगतं गं, तीन महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत." तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आधीची वर्षं दोन ओळींत संपतात. १९८१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाची रक्तातली खूण, सीए-१२५, सापडली, १९९४ मध्ये त्या कर्करोगाशी जोडलेलं बीआरसीए-१ जनुक. आमच्या घरात कुणाला त्याची खबर नव्हती.

२००५च्या पावसाळ्यात मावशीचा ब्लाउज सैल होत चालला आणि परकराची नाडी पुरेना. गाठीनंतर वीतभर लोंबणारी नाडी बोटभर उरली. अर्धी भाकरी खाऊन ती ताट सारायची, रात्री चारदा लघवीला उठायची. डॉक्टर म्हणाले, "वय झालं, गॅसेस आहेत." आम्ही ओव्याचं पाणी दिलं. चार महिन्यांनी सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी साठलं होतं, कर्करोग अंडाशयाबाहेर पसरला होता. पुढच्या वर्षी ती गेली.

या रोगाला 'सायलेंट किलर' म्हणतात त्याचा मला राग आहे. मावशी चार महिने बोलत होती! हा रोग असलेल्या स्त्रियांच्या तक्रारी नव्यानं सुरू होतात आणि वारंवार होतात, हे अमेरिकेतल्या स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञ बार्बरा गॉफ यांनी २००४ मध्येच मांडलं होतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग संस्थांनी ती लक्षणं एकमतानं जाहीर केली. मावशीला उशीर झाला होता.

ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर या रोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. लक्षणं नसताना सरसकट तपासून मृत्यू कमी होत नाहीत, असा त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. गर्भाशयमुखाच्या पॅप स्मिअर चाचणीत हा रोग सहसा कळत नाही. म्हणजे बाईच्या तक्रारीकडे लक्ष देणं हाच पहिला मार्ग उरतो, आणि तिथंच आपण अजून गोळी देऊन मोकळे होतो.

पोट फुगणं, ओटीपोटात दुखणं, दोन घासांत पोट भरणं, लघवीची घाई. यातलं काही नव्यानं सुरू होऊन दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. तरी "अंडाशय तपासायला हवं का?" असं स्वतः विचारा. पन्नाशी उलटली असेल, घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर नक्कीच विचारा.

काकूंची सोनोग्राफी सोमवारी आहे. मी बरोबर जाणार आहे.