वीरेश्वराची हूल

२० मार्च १९२७. महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि मंडपात परतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता.

थोड्याच वेळात गावात हूल उठली : आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार! असा बेत कुणाचाच नव्हता. खात्री करून घेणे अवघडही नव्हते, मंडप गावातच होता. पण काठ्या घेतलेला जमाव आला आणि परिषदेसाठी आलेल्या माणसांची डोकी फुटली. पुढे तळे ‘शुद्ध’ करायला १०८ घागरी लागल्या.

पुरावा मागितला गेला तो कोर्टात. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असा सवर्णांचा दावा होता. तो सिद्ध झाला नाही आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. दहा वर्षे!

हूल मात्र आजही तितकीच चपळ आहे. ‘सायन्स’मधील २०१८ च्या अभ्यासानुसार ट्विटरवर खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्याच्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले.