फोर बाय फोर गाडी घेताय? हब ऑटो बरा की हाताने फिरवायचा, आधी समजून घ्या

पावसाळा लागला की पाणंद रस्त्यावर फोर बाय फोर गाडीची खरी परीक्षा होते. लिव्हर फोर व्हीलमध्ये टाकलेला, इंजिन ओरडतंय, मागची चाकं चिखलात खड्डा पाडतायत, पण पुढची चाकं जागची हलत नाहीत. मग कुणी टायरला दोष देतं, कुणी ड्रायव्हरला. पण बऱ्याचदा गोम असते पुढच्या चाकाच्या मधोमध बसवलेल्या वाटीएवढ्या भागात. त्याला म्हणतात लॉकिंग हब.

जुनी फोर बाय फोर घेताना लोक इंजिन बघतात, टायर बघतात, पाटे बघतात. हब मात्र क्वचितच कुणी तपासतं.

हब नेमकं काय करतो?

अशा गाड्यांत मागच्या चाकांना ताकद कायम मिळते. पुढच्या चाकांना ती फक्त फोर व्हील लावल्यावर जाते. हब हा पुढचं चाक आणि आतला अ‍ॅक्सल यांच्यातला सांधा आहे. तो लॉक असेल तर अ‍ॅक्सल चाकाला फिरवतो. सुटा असेल तर चाक एकटंच फिरतं. आतला अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट शांत राहतात. त्यामुळे डांबरी रस्त्यावर झीज कमी होते आणि डिझेलही थोडं वाचतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जिपा लोक रोजच्या रस्त्यावर वापरू लागले, तेव्हा ही गरज निर्माण झाली. अमेरिकेत १९४८ साली सुरू झालेल्या वॉर्न कंपनीने अशा जिपांसाठी हब बनवूनच धंद्याला सुरुवात केली.

हाताने फिरवायचा हब

याच्यावर गोल खटका असतो. एका बाजूला ‘फ्री’, दुसऱ्या बाजूला ‘लॉक’. खाली उतरायचं आणि दोन्ही चाकांचा खटका हाताने फिरवायचा. मारुती जिप्सीमुळे हा प्रकार आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे.

फायदा असा की आत भाग कमी, रचना साधी. एकदा लॉक केला की गाडी पुढे घ्या, मागे घ्या, तो सुटत नाही. फसलेली गाडी मागे-पुढे झुलवून काढताना हे फार कामाला येतं. खोलून साफ करणं, ग्रीस बदलणं हे कामही गावातला जाणता मिस्त्री करू शकतो.

तोटा एकच, पण मोठा. तो लॉक करायचा विसरलात तर आतला लिव्हर टाकून काही उपयोग नाही. आणि आठवण होते तेव्हा हब चिखलात बुडालेला असतो.

दोन्हीपैकी एकच हब लॉक केला तरी साध्या डिफरन्शियलच्या गाडीत तेच होतं. ताकद सुट्या बाजूला पळून जाते आणि पुढचं एकही चाक ओढत नाही.

ऑटो हब

यात उतरायची गरज नाही. फोर व्हील लावून गाडी हलली की अ‍ॅक्सल फिरतो आणि हब आपोआप लॉक होतो. २०१० नंतरच्या जुन्या बनावटीच्या महिंद्रा थार सीआरडीईमध्ये असे हब आले. सोडवण्यासाठी मात्र बऱ्याच ऑटो हबना एक सवय लागते. टू-एचमध्ये टाकायचं आणि गाडी सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्यायची. हे केलं नाही तर हब लॉकच राहू शकतो.

अडचण येते ती चिखलात. गाडी पुढची मागे, मागची पुढे केली की अशा हबची पकड मधेच सुटते आणि पुन्हा बसते. तेव्हा ‘खट्’ असा आवाज येतो, झटका बसतो. आत पाणी-चिखल गेला किंवा ग्रीस घट्ट झालं, तर हब पकडतच नाही. म्हणून अनेक मालक ऑटो हब काढून हाताचे बसवून घेतात. गाडी वॉरंटीत असेल तर बदल करण्याआधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

मग घ्यायचा कोणता?

गाडी एकच माणूस चालवतो, रोज ऊस, शेणखत, दुधाचे कॅन घेऊन चिखलातून जातो, तर हाताचा हब बरा. पावसाळाभर तो लॉक करूनच ठेवला तरी चालतं. लिव्हर टू-एचमध्ये आहे तोवर बिघाड होत नाही, फक्त डिझेल आणि झीज थोडी वाढते.

घरातली तीन-चार माणसं गाडी चालवतात, गाडी जास्त डांबरीवर असते आणि चिखल कधीतरीच लागतो, तर ऑटो हब सोयीचा. पण त्याची साफसफाई आणि ग्रीस वेळेवर झालंच पाहिजे.

घेण्याआधी अशी करा तपासणी

- सपाट जागेवर गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. मग पुढचं एक चाक जॅकवर उचला.
- हाताचा हब ‘फ्री’वर ठेवून चाक फिरवा. आतला अ‍ॅक्सल फिरता कामा नये. ‘लॉक’ केल्यावर तो चाकासोबत फिरलाच पाहिजे. दुसऱ्या बाजूलाही असंच बघा.
- ऑटो हब असेल तर भुसभुशीत मातीत फोर व्हील लावून हळू चालवा. बाहेर उभ्या माणसाला पुढची दोन्ही चाकं ओढताना दिसली पाहिजेत.
- हाताचा खटका हातानेच फिरला पाहिजे. पक्कड लावावी लागत असेल तर आत गंज किंवा घाण आहे असं समजा.

हे विसरू नका

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून चालवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्याचा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून कच्च्या रस्त्यावर थोडं अंतर चालवा, म्हणजे आतले भाग तेलात भिजलेले राहतात. हबमध्ये ग्रीस ठासून भरू नका, त्यानेही तो अडकतो.

आणि घरात जे जे गाडी चालवतात, त्या प्रत्येकाला हब कसा लावायचा हे एकदा उजेडात करून दाखवा. रात्री पावसात पेशंट गाडीत असताना ते शिकायला वेळ नसतो.