दोन तासांमधली पाच मिनिटं

रायपूरच्या भनपुरीतून बोलतोय. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, बिलासपूर रस्ता आमच्या घरापासून लांब नाही.

आज शिक्षकांसाठी बोलायचं आहे. शाळेच्या धावपळीत स्वतःच्या तब्येतीकडे कसं बघायचं, एवढंच. यात निवृत्त फौजी कशाला, असं वाटेल. सांगतो.

मी राजस्थानच्या वाळवंटात कंपनी सांभाळत होतो. जवानांच्या पाण्याच्या बाटल्या मी स्वतः तपासायचो. पाय तपासायचो, कारण फोड आलेला जवान चालू शकत नाही. त्याच काळात आमची सौ. इथे रायपूरला शाळेत शिकवत होती. एकदा सुट्टीवर आलो तर हिला हुडहुडी भरून ताप, कंबरेत कळा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत लघवीला किती वेळा जाता?" ही म्हणाली, "जातच नाही." सकाळी घरून निघायची ती दुपारी परत येईपर्यंत. शाळेतली जागा जाण्यासारखी नव्हती, म्हणून पाणीच प्यायची नाही. अशी १४ वर्षं काढली होती तिने. शंभर माणसांच्या बाटल्या बघणाऱ्या मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

"सवय झाली आहे," असं पुष्कळ शिक्षिका म्हणतात. फौजेतही पूर्वी समजूत होती की कमी पाण्याची सवय लावता येते. तसं होत नाही. घाम जायचा तेवढा जातोच, मग शरीर लघवी घट्ट करतं. घट्ट लघवीत खडे धरतात. त्यात बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा २०च्या आसपास. जंतूंना वर चढायला अंतरच नाही. लघवीबरोबर ते धुऊन जायला हवेत, तर आपण ती तासन्‌तास धरून ठेवतो. रायपूरचा पारा उन्हाळ्यात ४४-४५ला टेकतो, तेव्हा तर विचारूच नका. इथला मजूर उन्हात जायच्या आधी बोरे-बासी खातो, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि ते पाणीसुद्धा. त्याला जे कळलं ते आपण शिकलेल्यांनी विसरू नये.

तर प्रत्येक तास संपला की चार घोट. दिवसभराचं पाणी मधल्या सुट्टीत एकदम ढोसायचं नाही. लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. (ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं.)

पण वर्ग सोडून जायचं कसं? चाळीस पोरं एकटी ठेवून बाई बाहेर गेल्या आणि कोणी पडलं, तर जबाबदारी बाईंची. अडचण खरी आहे. आमच्याकडे पहाऱ्यावरचा जवान दोन तास उभा राहतो, मग बदली येतेच. शिवाय प्रत्येक जवानाचा एक 'बडी' असतो, जोडीदार. शेजारच्या वर्गावरच्या बाईंशी अशी जोडी ठरवा. त्या दोन्ही वर्गांच्या मध्ये दारात उभ्या राहतील, तुम्ही चार मिनिटांत या. पुढच्या तासाला उलट. उपकार म्हणून नाही, ठरलेलं काम म्हणून. आधी ठरलेलं असलं की मागायचा संकोच राहत नाही.

आता आवाज. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडलं की जास्त जोराने. त्यावर सूज येते, गाठीही येतात. आमचे ड्रिलचे उस्ताद म्हणायचे, "आवाज गले से नहीं, पेट से." आधी श्वास पोटात भरायचा, मग बोलायचं. आणि वर्ग शांत करायला घसा कशाला? तीन टाळ्या वाजवा आणि गप्प उभ्या राहा. 'हाताची घडी, तोंडावर बोट' एका पोराकडून म्हणवून घ्या, ती हौसेने म्हणतात. सारखं खाकरू नका, त्यानेही तंतू आपटतात. पाण्याचा घोट बरा. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही, तर घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

पायांचं थोडक्यात. परेडमध्ये निश्चल उभा जवान कधीकधी चक्कर येऊन पडतो, कारण रक्त पायांत साचतं. पोटऱ्या हलल्या की ते वर चढतं. फळ्यावर लिहिताना १०-१५ वेळा टाचा उचला. मुलांना वाटेल बाई उंच लिहितायत.

हे सगळं शिक्षकाने एकट्याने करायचं, असं मात्र मी म्हणणार नाही. जवान पाण्यावाचून कोसळला तर आम्ही त्याला नाही, त्याच्या अधिकाऱ्याला जाब विचारतो. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावं असं लिहिलंय, तयारी धरून. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हवं, हेही लिहिलंय. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाचा मात्र वेगळा उल्लेख तिथे नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी ते आपल्या अंगावर घ्यावं. वेळापत्रक बनवताना एकाच बाईंचे ओळीने चार तास लावू नयेत. पाणी, साबण, कडी नीट आहे का, हे आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन बघावं.

मोबाइल धरून समोर बसलेली आमची सौ. खूण करतेय. काय म्हणतेस? हां, किल्ली. स्टाफच्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात ठेवू नका, म्हणतेय. चार माणसं बसलेली असताना ती मागायला लागते. दाराशेजारी खिळा ठोका आणि तिथे अडकवा.