तोंडी परीक्षेतले आडनाव

“सर, तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोंडी परीक्षेत आडनाव विचारतात का?” चारोटीच्या एका वारली विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न साधा नाही.

प्रमाणित परीक्षा म्हणजे गुरूच्या मर्जीऐवजी सर्वांना एकच मोजपट्टी. अमेरिकेत नेत्रतज्ज्ञांच्या मंडळाने ती १९१६ साली सुरू केली. भारतात १९८२ साली राष्ट्रीय परीक्षा मंडळ आले, त्याची डी.एन.बी. परीक्षा देशभर एकच. लेखी उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, तिला जात नसते. पण पुढे प्रात्यक्षिक येते. तिथे परीक्षकासमोर आपला चेहरा, आपली बोली, आपले आडनाव उभे राहते. विचारावे लागतच नाही.

यावर उपाय आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी १९७५ साली एक पद्धत मांडली. उमेदवार एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो; कामे सर्वांना तीच, परीक्षक वेगवेगळे, गुण कशाला द्यायचे ते आधीच लिहिलेले. एकाचा पूर्वग्रह सगळा निकाल ठरवू शकत नाही. आपल्याकडेही काही विषयांत ही पद्धत आली आहे.

आपल्याला सवलतीचे गुण नकोत. दिलेल्या आणि कापलेल्या प्रत्येक गुणाचे कारण कागदावर हवे. गुणवत्तेच्या नावाने बोलणाऱ्यांनी तरी या मागणीला भिऊ नये.